शाश्वत विकासात कोण कुठे आहे? प्रदेशांची तुलना कशी करावी

राज्याराज्यांची किंवा जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायची असेल, तर क्रमवारी सर्वांत शेवटी पाहावी. नीती आयोगाच्या २०२३-२४ च्या शाश्वत विकास निर्देशांकात केरळ आणि उत्तराखंड ७९ गुणांसह अग्रस्थानी, तर बिहार ५७ गुणांसह तळाला आहे. परंतु हे गुण कसे पडले, ते आधी उलगडून पाहिले पाहिजे.

सुरुवातीला प्रत्येक निर्देशकाचे, म्हणजे मातामृत्यूसारख्या मोजता येणाऱ्या बाबीचे, लक्ष्य आणि तुलनेतील सर्वांत वाईट आकडा लिहून घ्यावा. वाईट आकड्याला शून्य, लक्ष्याला शंभर आणि मधल्या आकड्यांना अंतराच्या प्रमाणात गुण द्यावेत. उदाहरणार्थ, २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू आसामात १९५, मध्य प्रदेशात १७३, महाराष्ट्रात ३३ आणि केरळात १९ होते. लक्ष्य ७० धरले, तर १२५ च्या अंतरापैकी २२ कापलेल्या मध्य प्रदेशाला १७.६ गुण मिळतात. लक्ष्याच्याही पुढे गेलेल्या महाराष्ट्र आणि केरळ या दोघांनाही शंभरच गुण मिळतात, म्हणजे त्यांच्यातला फरक गुणांत दिसेनासा होतो. म्हणून मूळ आकडे शेजारी ठेवावेतच. याहून मोठी मेख शून्याच्या जागेत आहे. उद्या आसाम १७३ वर आला आणि आपण शून्य तिकडे सरकवले, तर मध्य प्रदेशात काहीही न बिघडता त्याचे गुण शून्यावर येतील. दोन वर्षांची तुलना करताना शून्य आणि लक्ष्य या दोन्ही खुणा पहिल्या वर्षाच्याच ठेवाव्यात.

निर्देशकांची यादीही तपासावी. नीती आयोगाने २०१८ मध्ये ६२ निर्देशक घेतले होते, २०२३-२४ मध्ये ११३ घेतले. त्यामुळे देशाचे गुण ५७ वरून ७१ झाले, ही सगळीच प्रगती मानता येत नाही. दोन्ही वर्षांत समान असलेले निर्देशक वेगळे काढून त्यांचाच हिशोब करावा.

एकूण गुण म्हणजे आरोग्य, शिक्षण अशा उद्दिष्टांच्या गुणांची सरासरी. या सरासरीत एका उद्दिष्टातले अपयश दुसऱ्यातल्या यशाखाली सहज झाकले जाते, म्हणून एकूण गुणांसोबत उद्दिष्टनिहाय गुणही द्यावेत.

जिल्हा पातळीवर आणखी एक पथ्य पाळावे लागते. पालघर जिल्हा ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे विभाजनापूर्वीच्या ठाण्याची आजच्या ठाण्याशी थेट तुलना केली, तर आदिवासीबहुल तालुके वगळले गेल्यामुळे सुधारलेला आकडा विकासाच्या खात्यावर जमा होतो. अशा वेळी दोन्ही जिल्ह्यांचे आकडे लोकसंख्येच्या प्रमाणात एकत्र करून मगच जुन्या आकड्याशी ताडून पाहावेत.