सारंगखेड्याला निघण्याआधी घोड्याची ही तपासणी करा

दत्तजयंती जवळ आली की तापीकाठी सारंगखेड्याकडे घोड्यांच्या गाड्या लागतात. घेणारा दात बघतो, खूर उचलून बघतो. कानांची टोकं जुळतात का, गळ्यावर देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) आहे का, रेवाल चाल कशी पडते, सगळं बघतो. मागच्या पायांमध्ये मात्र फार थोडे जण वाकून बघतात, आणि हात लावून बघणारे त्याहून कमी. आपल्याकडे वरातीचे, शौकाचे बरेचसे नर घोडे खच्ची न करता ठेवतात. जिथं घोडे लहानपणीच खच्ची करतात तिथं वृषणाची गाठ क्वचितच बघायला मिळते. आपल्या घोड्याला ती जपूनच बघायला हवी.

तपासणीची वेळ आधी सांगतो, कारण चूक तिथंच होते. धुळे-नंदुरबारची मार्गशीर्षातली पहाट म्हणजे कडाका. थंडीत पिशवी आक्रसते, वृषणं वर ओढली जातात आणि हाताला नीट लागत नाहीत. म्हणून ऊन चढल्यावर, घोडा थोडा फिरवून आणून बघा. एकानं डाव्या बाजूला उभं राहून तोंड धरावं. बघणाऱ्यानंही त्याच बाजूला खांद्याला खेटून राहावं आणि हात पाठीवरून, कुशीवरून सरकवत खाली न्यावा. मागं कधीच उभं राहू नये.

घोड्याचं वृषण आडवं असतं. वाढलेल्या घोड्यात ते साधारण ८ ते १२ सेंटीमीटर लांब, गुळगुळीत, घट्ट पण दाबलं तर किंचित दबणारं लागतं. मागच्या टोकाला एक ठळक उंचवटा असतो. ती अधिवृषणाची, म्हणजे वीर्य साठवणाऱ्या नळीची शेपटी, गाठ नव्हे. दोन्हींत थोडं लहानमोठं असणंही चालतं. काळजीचं लक्षण वेगळं आहे: एकच बाजू महिन्यामहिन्याला वाढत चालली आहे, कठीण किंवा उंचसखल लागते आहे, आणि दाबलं तरी घोडा पाय उचलत नाही. दुखत नाही, म्हणूनच ती राहून जाते.

शहाद्याकडच्या एका वरातीच्या घोड्याला मालकानं वर्षभर आंबेहळदीचा लेप लावला होता. घोडा खात होता, नाचत होता, म्हणून कोणाला घाई नव्हती. शेवटी वृषण काढून उभं चिरलं तेव्हा आतला मळकट पांढरा, मऊ गोळा चिरेतून बाहेर फुगून आला. मूळ वृषणाची जेमतेम एक कड शिल्लक होती. म्हणून भाऊ, कळकळीनं सांगतो, लेप नको, डाग नको, आणि पाणी असेल म्हणून सुई तर मुळीच टोचू नका.

वयस्क घोड्यात बहुतेकदा अशीच गाठ सापडते. तिला सेमिनोमा म्हणतात. ती पोटातल्या लसिकाग्रंथींपर्यंत पसरू शकते, त्यामुळे वेळ घालवणं महागात पडतं. तरण्या घोड्यात टेराटोमा दिसतो. तो कापला तर आत केस, कूर्चा, कधी हाड किंवा दातसुद्धा निघतो. बघून माणूस दचकतो, पण सहसा तो पसरत नाही.

प्रत्येक सूज गाठीची नसते. अचानक सूज येऊन घोडा लोळू लागला, पोटाकडे वळून बघू लागला, तर वृषणाला पीळ पडलेला असतो किंवा आतडं खाली उतरलेलं असतं. अशा वेळी रात्र असली तरी डॉक्टरला बोलवा किंवा जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या १९६२ या नंबरला फोन लावा. सूज गरम आणि दुखरी असेल तर लाथेचा मार किंवा संसर्ग. पावसाळा संपल्यावर पिशवी, पोटाखालचा भाग आणि पाय सुजले, ताप येऊन-जाऊन राहिला, घोडा वाळत चालला, तर सर्रा हा रोग असू शकतो. तो रक्त पिणाऱ्या माश्यांमधून येतो, आधी रक्त तपासून घ्या.

आता एका गोळीचा घोडा. शिंगराची वृषणं जन्माच्या आसपास, फार तर पहिल्या काही आठवड्यांत खाली येतात. दोन वर्षांचा झाला तरी एकच हाताला लागत असेल तर दुसरं पोटात किंवा जांघेत अडकलं आहे असं धरा. अडकलेल्या वृषणात गाठ होऊ शकते आणि ती बाहेरून दिसत नाही. हा दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो, म्हणून असा घोडा घोडीवर सोडू नका, देखणा असला तरी. कधी कधी बाहेरचं एक काढून तो ‘खच्ची’ म्हणून बाजारात येतो. घोडी दिसली की पिसाळणारा खच्ची घोडा मिळाला तर रक्तातल्या अँटी-म्युलेरियन हार्मोनची तपासणी करून घ्या. अडकलेलं वृषण असेल तर ती सांगते.

गाठीला उपाय एकच, ते वृषण काढणं. माश्या कमी असलेले हे दोन-तीन महिने त्यासाठी चांगले. आधी सोनोग्राफी आणि गुदद्वारातून हात घालून पोटाची तपासणी व्हावी. धनुर्वाताचं संरक्षण विसरू नका, घोडा त्याला फार लवकर बळी पडतो. सोय जवळ नसेल तर जळगावकडच्यांना अकोल्याची पशुवैद्यक संस्था, नाहीतर मुंबईला परळचं महाविद्यालय. काढलेलं वृषण उकिरड्यावर टाकू नका. गाठीचा सेंटीमीटरभर जाडीचा तुकडा दसपट १० टक्के फॉर्मलिनमध्ये बुडवून तपासणीला पाठवा. गाठ कोणत्या जातीची ते त्याशिवाय नक्की कळत नाही.

शस्त्रक्रियेनंतर जागा कोरडी ठेवा आणि डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून रोज चालवा, म्हणजे सूज साचत नाही. थेंब मोजता येणार नाहीत इतकं रक्त पंधरा मिनिटांवर वाहत राहिलं, किंवा जखमेतून काही लोंबताना दिसलं, तर ओल्या स्वच्छ कापडानं आधार देऊन ताबडतोब डॉक्टरला बोलवा. एकच वृषण काढलं असेल आणि दुसरं निरोगी असेल तर घोडा पुढेही फळवू शकतो, पण नवं वीर्य तयार व्हायला सुमारे ५७ दिवस लागतात. दोन महिने थांबून, वीर्य तपासूनच घोडी लावा. दोन्ही काढली असतील तर निदान सहा आठवडे त्याला घोडींपासून दूर बांधा, कारण आत उरलेल्या वीर्यावर घोडी गाभण राहू शकते.