ट्रेलरच्या हिचचा खडखडाट : निघायच्या आधीची तयारी

ट्रेलर मागे लावला की खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर, सिग्नलला ब्रेक दाबल्यावर मागून हिचमधून, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या जोडणीतून, ठक्क करून आवाज येतो आणि बहुतेक जण लगेच अँटी-रॅटल क्लॅम्प (हिचमधला ढिलेपणा आवळून धरणारी पट्टी) मागवून मोकळे होतात. क्लॅम्प वाईट नाहीये, मी स्वतः वापरतो, पण तो एकाच जोडावर काम करतो आणि आवाज करणारे जोड तीन असतात. गाडीच्या चासीला रिसीव्हर, म्हणजे मागे चौकोनी नळी असलेली चौकट, बोल्टने बसतो तो पहिला, त्या नळीत बॉल माउंटचा, म्हणजे ज्याच्यावर लोखंडी बॉल असतो त्याचा, दांडा शिरून पिनने अडकतो तो दुसरा (क्लॅम्प इथेच लागतो), आणि बॉलवर ट्रेलरचा कपलर, म्हणजे बॉलला धरणारी टोपी, बसतो तो तिसरा. कुठला जोड बोलतोय ते न बघता क्लॅम्प लावला तर कधीकधी आवाज कमी होतो पण ढिला बोल्ट तसाच राहतो, आणि मग तो आहे हे कळायचं साधनही गेलं. म्हणून ही सगळी तयारी गाडीकडून सुरू करून ट्रेलरकडे जायची, उलटी नाही.

आदल्या दिवशी उजेडात करायला घ्या, निघायच्या सकाळी नको. जवळ काय हवं म्हणाल तर मोठा टॉर्क रेंच (ठरलेल्या आकड्यापर्यंत मोजून आवळायचा पाना), बॉलच्या नटाला बसणारा सॉकेट, बॉल वरून धरायला दुसरा पाना, वायर ब्रश, चिंध्या, टॉर्च, व्हर्निअर कॅलिपर, थोडं ग्रीस, पांढरा पेंट मार्कर, एक जास्तीची पिन आणि तिची क्लिप. टॉर्क रेंच मोठा का ते पुढे येईलच, घरातला छोटा चालत नाही. जागा सपाट, हँडब्रेक ओढलेला, ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडून अडसर.

आधी आवाज शोधा. ट्रेलर सोडून, बॉल माउंट तसाच ठेवून गाडी एका खडबडीत रस्त्यावर फिरवून आणा. हलकी खडखड आली तर दुसऱ्या जोडावर संशय. मग बॉल माउंट काढून डिकीत टाका आणि परत तोच रस्ता, आता शांत असेल तर नक्की तोच, आणि तरीही आवाज असेल तर रिसीव्हरचे बोल्ट किंवा हिचशी काहीच संबंध नसलेलं काहीतरी, सायलेन्सरवरचा पत्रा, खाली लटकवलेली स्टेपनी, वायरच्या सॉकेटचं झाकण, असलं. आणि नुसती गाडी एकदम गप्प पण ट्रेलर जोडल्यावरच ब्रेक मारताना किंवा गाडी उचलताना ठोका बसतो, तर तिसरा जोड धरा. एवढी फेरी मारायचा लोकांना कंटाळा येतो पण निम्मं काम इथेच होतं.

पहिल्या जोडाला वेळ कमी लागतो. टॉर्च घेऊन खाली वाका, बोल्टच्या भोवती चकचकीत घासलेला पत्रा किंवा गंजाचा ओघळ दिसला तर तिथे हालचाल होतेय असं समजा. बोल्ट किती आवळायचे तो आकडा हिचच्या फिटिंगच्या कागदावर असतो, तोच घ्या, अंदाजाने नको. आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून चासीपर्यंत पेंट मार्करने एक रेघ ओढा म्हणजे पुढच्या वेळी नुसत्या नजरेने कळतं. वेल्डिंगजवळ बारीक चीर दिसली तर मात्र यादी तिथेच थांबते, ट्रेलर लावायचा नाही, आणि जवळ वेल्डिंग मशीन आहे म्हणून स्वतःच टाका मारायला जायचं नाही.

दुसरा जोड म्हणजे खरा बडबड्या. नळीत दांडा घालता-काढता यावा म्हणून थोडी फट ठेवावीच लागते, आणि तो थोडाफार प्ले, म्हणजे ढिलेपणा, हा दोष नव्हे. आधी नळी आतून वायर ब्रशने घासा, गंजाचे पापुद्रे आणि माती निघाली की दांडा नीट टेकतो. मग पिन बघा, कारण इथे गडबड फार होते: २ इंची रिसीव्हरला साधारण ५/८ इंच म्हणजे पाच सुताची पिन लागते आणि सव्वा इंचीला अर्ध्या इंचाची, आणि मोठ्या भोकात बारीक पिन घातली तरी ती बसल्यासारखी वाटते. वाटते फक्त. आवाज तर येतोच पण सगळी ओढ ज्या पिनवर येते तीच कमी जाडीची, हे जास्त वाईट. भोक लांबट झालंय का तेही बघा, दांड्याचं भोक अंड्यासारखं दिसायला लागलं की नवीन बॉल माउंट घ्या. अडीच इंची रिसीव्हरमध्ये २ इंची दांडा बसवायला मधे स्लीव्ह (माप कमी करणारी आतली नळी) घातली असेल तर एक जास्तीची फट आलीच, त्यामुळे शक्य असेल तर थेट त्याच मापाचा दांडा घ्या.

हे सगळं करून मग क्लॅम्प. यू-बोल्टवाला असेल तर पिन आणि क्लिप आधी घालायची, मग दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, एकच बाजू पूर्ण आवळली की पट्टी तिरकी बसते आणि चार दिवसांत परत ढिली. आट्यांच्या पिनेचा प्रकारही मिळतो, तो दांड्याला नळीच्या एका भिंतीकडे ओढून धरतो आणि मला जास्त आवडतो कारण खाली लोंबणारं काही नसतं. पण यू-बोल्टवाला क्लॅम्प पिनच्या जागी चालत नाही, पिन पाहिजेच. आणि फटीत पत्र्याचे तुकडे, वॉशर, लाकडाची पाचर असलं काही ठोकू नका, एकतर ते रस्त्यात पडतं नाहीतर दांडा असा अडकतो की निघता निघत नाही.

तिसऱ्या जोडाला मात्र घाई नको. बॉलवर माप कोरलेलं असतं, कपलरवरही असतं, दोन्ही वाचा. १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच ही नेहमीची मापं, शिवाय ५० मिलिमीटरचा बॉल असतो आणि गोंधळ तिथेच होतो कारण २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, डोळ्याला दोन्ही सारखेच. २ इंची कपलर ५० च्या बॉलवर बसतो, लॉकही होतो, आणि मग रस्ताभर ठकठक करत राहतो, कितीही आवळा. बॉलची झीज कॅलिपरने दोन-तीन दिशांनी मोजा कारण तो सगळीकडून सारखा झिजत नाही. ५० चा बॉल कुठेही ४९ वर आला की बदलायचा.

आता बॉलचा नट, ज्याच्यासाठी तो मोठा रेंच. बॉलच्या शँकची, म्हणजे खालच्या आट्यांच्या दांड्याची, जाडी पाऊण इंच असेल तर साधारण २१५ न्यूटन मीटर, १ इंच असेल तर ३४० च्या आसपास, सव्वा इंच असेल तर ६१० पर्यंत जातं, बॉलच्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. साध्या पान्याने हाताने जोर लावून एवढं होत नाही, म्हणूनच ‘आवळला होता की’ म्हणणाऱ्यांचे नट सुटतात. शँक बारीक आणि बॉल माउंटच्या प्लेटचं भोक मोठं असेल तर मधली फट भरणारा बुश असतो, तो घाला, नुसत्या वॉशरने भागत नाही.

कपलरच्या खाली वाकून बघितलं तर बऱ्याच मॉडेलमध्ये एक ॲडजस्टिंग नट दिसतो आणि तो आहे हेच अनेकांना माहीत नसतं. कपलर बॉलवर बसवून त्याची लॅच (बॉलवर लॉक करणारा खटका) बंद करा, ट्रेलरचं नाक हाताने वर-खाली हलवा, आत ठोका जाणवला तर लॅच उघडून नट थोडा आवळा आणि परत बघा. लॅच हाताने पण जरा जोर लावून बंद व्हायला हवी, हातोडी लागली तर जास्त झालं, अर्धा फेरा मागे घ्या. मग लॅच बंद ठेवून पुढच्या जॅकने नाक वर उचला, गाडीची मागची बाजू थोडी वर आली पाहिजे आणि कपलर सुटता कामा नये. बॉलला ग्रीसचा पातळ थर पुरे. फ्रिक्शन स्टॅबिलायझरवाला, म्हणजे बॉलला घट्ट दाबून ट्रेलरचं डोलणं रोखणारा, कपलर असेल तर मात्र ग्रीस अजिबात नाही, बॉल कोरडा आणि त्याच्यावरचा रंगही घासून काढलेला. आणि ट्रेलरला सर्ज ब्रेक (ट्रेलर गाडीवर पुढे रेटला की आपोआप लागणारा ब्रेक) असेल तर त्याचा पुढचा भाग मागेपुढे सरकतोच, तिथे जोराचा ठोका येत असेल तर आतला डँपर गेलेला असू शकतो, ते काम पान्याने होणारं नाही.

सामान भरताना वजन पुढे-मागे कसं येतंय ते आवाजाशी थेट जोडलेलं आहे, हे पटत नाही लोकांना. नाक हलकं राहिलं की कपलर बॉलवर उड्या मारतो. भरलेल्या ट्रेलरच्या साधारण १० ते १५ टक्के वजन हिचवर यावं, म्हणजे १००० किलोला १०० ते १५०, युरोपातल्या हलक्या ट्रेलर आणि कॅरॅव्हानना ५ ते ७ टक्के सांगतात, आणि काहीही झालं तरी गाडीवर आणि हिचवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही.

निघायच्या सकाळी फार काही उरत नाही, पिनची क्लिप, लॅचची पिन, साखळ्या कपलरखाली एकमेकींवरून फुलीसारख्या, वळताना ताणल्या जाणार नाहीत इतक्या सैल पण रस्त्याला घासणार नाहीत इतक्या वर, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचा ब्रेक लावणारी) वेगळी, लाइट चालू करून मागे जाऊन बघायचे. हळू वळताना करकर आवाज आला आणि तुमच्याकडे वेट डिस्ट्रिब्यूशनचे, म्हणजे हिचवरचं वजन पुढे वाटणारे, बार असतील तर तो त्यांचा नेहमीचा आवाज आहे, त्याच्या मागे लागू नका. रेंच गाडीत ठेवा, ट्रेलरमध्ये सामानाखाली नको, कारण पंचवीस-तीस किलोमीटरवर थांबून बॉलचा नट, क्लॅम्प आणि पेंटच्या रेघा परत बघायच्या आहेत. नव्याने बसवलेलं थोडं दबून बसतं, तेव्हा एकदा परत आवळावं लागलं तर चालतं, पण त्याच्या पुढच्या थांब्यावर तीच रेघ पुन्हा सरकलेली दिसली तर आटे गेलेत, तो नट-बोल्ट बदलल्याशिवाय पुढे ओढू नका.