हिशोबाचा चेक घेताय? ईएसआयचा भत्ता सोडू नका

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण कारखाना पट्ट्यात माणसं कमी व्हायला लागली की एकच प्रश्न कानावर येतो: "कंपनीनं हिशोब (नोकरी सुटतानाची सगळी देणी) दिला, मग आता बेकारी भत्ता मिळेल का?" टाइम ऑफिसात (हजेरी-पगाराच्या कचेरीत) बरीच वर्षं काढली, म्हणून ठामपणे सांगते, मिळतो. कपातीची भरपाई (वर्षामागे 15 दिवसांचा पगार) आणि ग्रॅच्युइटी कंपनी देते. भत्ता तुमच्याच वर्गणीच्या ईएसआयमधून, म्हणजे कामगार राज्य विम्यातून येतो. एक घेतलं म्हणून दुसरं बुडत नाही. बुडतं ते राजीनाम्यानं.

चेकसोबत बहुतेक वेळा एक कागद पुढे येतो, 'स्वखुशीने राजीनामा देत आहे'. वर थोडी रक्कम वाढवून देतात आणि माणूस सही करतो. राजीनामा किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) असेल तर ईएसआय भत्ता देत नाही. पत्रावर 'कामगार कपात' हेच शब्द हवेत.

हे पैशात पाहा. 18,000 पगार धरू. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत मागच्या चार वर्गणी कालावधींची (प्रत्येकी सहा महिने) कमाई भागिले 730, त्याच्या निम्मे, आयुष्यात एकदाच जास्तीत जास्त 90 दिवस: साधारण 26,600 रुपये. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत, कपात किंवा कारखाना बंद झाल्यावर, पहिले 12 महिने निम्मा पगार आणि पुढचे 12 महिने पाव. दीड लाखाच्या पुढे जातं! म्हणून ईएसआयच्या शाखेत आधी राजीव गांधी योजनेचं विचारा. त्यात बसत नसाल तर अटल. अटल योजना मुदतवाढीवर चालते, तेव्हा ती चालू आहे ना, हेही विचारून घ्या.

अटलसाठी आधी दोन वर्षं ईएसआयची नोकरी हवी. सुटण्याआधीच्या वर्गणी कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या तिन्हींपैकी एकात तितकीच. नोकरी गेल्यावर 30 दिवसांनी ईएसआयच्या पोर्टलवर अर्ज करा. आधार आणि पासबुक जवळ ठेवा. कंपनीची सही लागत नाही, प्रतिज्ञापत्रही नाही.

पण एक गोष्ट आधी तपासा. शेवटच्या महिन्याची वर्गणी भरताना कंपनी सुटण्याचं कारण निवडते: 'लेफ्ट सर्व्हिस' (नोकरी सोडली) की 'रिट्रेंचमेंट' (कपात). घाईत पहिलंच टाकलं जातं. हिशोबाच्या दिवशीच टाइम ऑफिसात उभं राहून विचारा, कोणतं टाकलंत? ठेकेदाराकडे असाल तर ठेकेदाराला विचारा, कारण भरणा तो करतो.

चुकीचं पडलं असेल तर दुरुस्तीचं पत्र कंपनीला द्या, पोच घ्या, आणि कपातीच्या पत्रासह ती प्रत तुमच्या ईएसआय शाखेत जमा करा. राजीनाम्यासाठी दबाव येत असेल तर सही करण्याआधी पुण्यात वाकडेवाडीला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार नोंदवा.