भंगार आणि घातक टाकाऊ मालाची आयात-निर्यात : सांगली-साताऱ्याच्या उद्योजकांनी परवानग्या कोणत्या क्रमाने घ्याव्यात

भंगाराच्या आयातीची चौकशी करायला जे उद्योजक माझ्याकडे येतात, त्यांपैकी बहुतेकांनी परदेशातल्या पुरवठादाराला आगाऊ रक्कम पाठवलेली असते आणि कंटेनर न्हावाशेवाला लागल्यावर कोणते कागद लागतील एवढेच त्यांना विचारायचे असते. लागणारे निम्मे कागद कंटेनर तिकडच्या बंदरातून निघण्यापूर्वीचे असतात आणि माल समुद्रात असताना ते कोणालाही तयार करून देता येत नाहीत, हे ऐकल्यावर ते गप्प होतात. कुपवाड, मिरज, तासवडे, शिरवळ या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्र्यांना आणि धातू गाळणाऱ्या लहान कारखान्यांना हा क्रम आधीच कळावा, या हेतूने पुढील माहिती लिहिली आहे.

फौंड्रीवाल्याच्या दृष्टीने भंगार हा कच्चा माल असतो, कायद्याच्या दृष्टीने मात्र तो सीमा ओलांडणारा टाकाऊ पदार्थ असतो, आणि पुढच्या सगळ्या अडचणी या फरकातूनच येतात. घातक कचऱ्याच्या देशांतरावर नियंत्रण ठेवणारा बाझेल करार २२ मार्च १९८९ रोजी स्वीकारला गेला, ५ मे १९९२ रोजी अमलात आला आणि भारताने त्याच वर्षी जूनमध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडे त्याची अंमलबजावणी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील घातक व इतर टाकाऊ पदार्थ (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ यांद्वारे होते. या नियमांत वारंवार दुरुस्त्या झालेल्या असल्यामुळे चार वर्षांपूर्वी शेजारच्या कारखान्याने वापरलेली यादी तशीच उचलू नये. व्यवहार ठरवण्याच्या दिवशी लागू असलेला मजकूर वाचावा.

पहिले काम : माल कोणत्या यादीत बसतो

केवळ विल्हेवाट लावण्यासाठी, म्हणजे पुरण्यासाठी किंवा जाळून टाकण्यासाठी, कोणताही टाकाऊ पदार्थ भारतात आणता येत नाही. पुनर्वापर, पुनर्चक्रण, धातू परत मिळवणे किंवा सिमेंटच्या भट्टीत सहइंधन म्हणून वापरणे अशाच कारणांसाठी आयात होऊ शकते. हे मान्य करून मालाचे स्थान या नियमांच्या अनुसूची ३ मध्ये शोधावे लागते. भाग 'ए' मधील पदार्थांसाठी निर्यात करणाऱ्या देशाची पूर्वसूचित संमती (म्हणजे मालाची माहिती आधी देऊन, तो निघण्यापूर्वी घेतलेली संमती) आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची परवानगी, दोन्ही लागतात. भाग 'बी' मधील पदार्थांना मंत्रालयाची परवानगी लागते. भाग 'डी' मध्ये स्वच्छ धातूंचे भंगार आणि रद्दी कागद यांसारखे पदार्थ आहेत. त्यांना मंत्रालयाची परवानगी लागत नाही, परंतु सीमाशुल्क विभागाकडे ठरावीक कागद द्यावे लागतात. भाग 'सी' ही घातक गुणधर्मांची यादी आहे. एखादा पदार्थ अनुसूची ३ मध्ये नावाने नसला तरी त्यात हे गुणधर्म आढळले, तर मंत्रालयाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तो आणता किंवा पाठवता येत नाही. 'आमचे नाव यादीत नाही' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

अनुसूची ६ ही निषिद्ध आयातीची यादी आहे. घरगुती कचरा, थेट वापरासाठी आणलेले जुने टायर, टाकाऊ खाद्यतेल व चरबी, घन प्लास्टिक कचरा असे पदार्थ त्यात येतात. प्लास्टिकच्या बाबतीत विशेष आर्थिक क्षेत्रे आणि निर्यातप्रधान घटकांना पूर्वी असलेली सवलतसुद्धा मार्च २०१९ च्या दुरुस्तीने काढून घेतली. टायर हवेशिवाय तापवून त्यांपासून तेल (पायरोलिसिस तेल) काढण्यासाठी टाकाऊ टायर आयात करण्यासही २०२२ पासून मनाई आहे. या मालासाठी चौकशीत वेळ घालवू नये.

फौंड्रीसाठी खरा पेच भाग 'डी' आणि भाग 'बी' यांच्या सीमेवर असतो, म्हणून तो थोडा सविस्तर सांगते. भाग 'डी' ची सवलत धातुरूप आणि न विखुरणाऱ्या मालाला आहे. भुकटी, धूळ, गाळ आणि आत घातक द्रव अडकून राहिलेल्या वस्तू या व्याख्येबाहेर जातात. ॲल्युमिनियमचे ओतीव तुकडे हे भंगार, त्यांचा सीमाशुल्क वर्गीकरणातला शीर्ष क्रमांक ७६०२; परंतु त्याच धातूची भट्टीवरून काढलेली मळी किंवा राख २६२० या शीर्षाखाली जाते आणि तिला वेगळी वाट आहे. जस्ताची राख, पितळेची मळी, तांब्याचे विखुरणारे अवशेष मागवणाऱ्यांनी हा माल भंगार म्हणून बिलात लिहून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण चुकीचे वर्णन आढळले की ती खेप बेकायदा आयात ठरते.

एका ओळखीच्या कारखान्यासाठी बाजारात 'टेन्स' म्हणतात त्या प्रतीचा माल, म्हणजे जुन्या ॲल्युमिनियम ओतकामाचे मिश्र भंगार, आला असताना तपासणीच्या वेळी मी हजर होते. कंटेनरचे दार उघडताच उंबऱ्यावरून काळ्या तेलाची बारीक धार खाली आली. आत गिअरबॉक्सची आवरणे होती, पण त्यांचे तळाचे नट कोणी सोडवलेलेच नव्हते आणि जवळजवळ प्रत्येक आवरणात तेल शिल्लक होते. कागदावर माल स्वच्छ धातू होता. रासायनिक विश्लेषण अहवालही जोडलेला होता, फक्त तो दुसऱ्याच ढिगाच्या नमुन्याचा होता. तो माल आठवडे अडकून पडला, जागाभाडे आणि कंटेनर रोखल्याचा आकार दररोज चढत गेला आणि कारखान्यात भट्टीसाठी स्थानिक भंगार महाग दराने घ्यावे लागले. तेव्हापासून मी करारात एक वाक्य हट्टाने घालायला लावते : सर्व इंजिन व गिअरबॉक्स भाग तेल काढून, उघडून भरावेत आणि भरतानाची छायाचित्रे कंटेनर क्रमांकासह पाठवावीत.

दुसरे काम : मंडळाकडील कागद

माल ठरल्यानंतर पुरवठादाराकडे न जाता प्रथम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्यातील उपप्रादेशिक कार्यालयाकडे जावे. पाणी अधिनियम, १९७४ आणि हवा अधिनियम, १९८१ खालील कारखाना चालवण्याचे चालू संमतीपत्र, तसेच २०१६ च्या नियमांखालील टाकाऊ पदार्थ हाताळण्याचे प्राधिकारपत्र हे दोन पायाचे कागद आहेत. प्राधिकारपत्रासाठी नमुना १ मध्ये अर्ज करायचा असतो, मंडळाने चौकशी करून १२० दिवसांच्या आत ते नमुना २ मध्ये द्यावे अशी तरतूद आहे आणि ते पाच वर्षांसाठी असते. हे १२० दिवस खरेदीच्या वेळापत्रकात धरले पाहिजेत.

आपल्या भागात हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे संमतीपत्रातील कच्च्या मालाचा आणि क्षमतेचा उल्लेख. संमतीपत्रात महिन्याचे जे टन लिहिले आहेत त्यापेक्षा जास्त भंगार मागवले, किंवा फक्त ॲल्युमिनियम लिहिलेले असताना पितळ मागवले, तर पुढचे सगळे कागद बरोबर असूनही प्रश्न उभा राहतो. तेव्हा आधी संमतीपत्रात दुरुस्ती करून घ्यावी.

भाग 'डी' मधील माल स्वतः वापरणाऱ्या कारखान्याऐवजी व्यापारी आणणार असेल, तर त्याने मंडळाकडून नमुना ७ मधील एकवेळचे प्राधिकारपत्र घेतलेले असावे लागते आणि त्याची प्रत वाहतूक दस्तऐवजाला जोडावी लागते. व्यापाऱ्याकडून बंदरपोच माल घेणाऱ्या लहान फौंड्रीने ही प्रत पैसे देण्याआधी पाहावी.

तिसरे काम : प्रत्यक्ष आयात

भाग 'डी' च्या खेपेसाठी नमुना ६ मधील सीमापार वाहतूक दस्तऐवज, परदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागू असल्यास तो, वैध संमतीपत्र व प्राधिकारपत्र, मालाचा रासायनिक विश्लेषण अहवाल, धातूच्या भंगारासाठी जहाजावर चढवण्यापूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्र आणि मागील आर्थिक वर्षात आयात केली असल्यास त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची मंडळाने दिलेली पोच, हे कागद सीमाशुल्क विभागाला द्यावे लागतात. आयात-निर्यात संकेतांक तर सर्वांत आधीच काढलेला असतो.

चढवण्यापूर्वीची तपासणी ही केवळ औपचारिकता समजू नये. मालात शस्त्रे, दारूगोळा, जिवंत वा वापरलेली काडतुसे नाहीत आणि किरणोत्सर्गी दूषितता नाही, असे ते प्रमाणपत्र सांगते. २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातील जिवंत गोळ्यांचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले होते. भट्टीसमोर उभा राहणारा माणूस आपल्याच गावचा असतो, हे ध्यानात ठेवून हे प्रमाणपत्र वाचावे. काही देशांतून येणाऱ्या आणि किरणोत्सर्ग तपासणीची यंत्रणा असलेल्या बंदरांत उतरणाऱ्या भंगाराला या प्रमाणपत्रातून सूट दिलेली आहे. ती आपल्या खेपेला लागू होते की नाही, हे सीएचएकडून, म्हणजे आपल्या सीमाशुल्क दलालाकडून, लेखी विचारून घ्यावे.

प्रमाणपत्र, मालवाहतूक पावती आणि नमुना ६ यांवरील कंटेनर क्रमांक अक्षर-अक्षर जुळवावा. त्यात चार अक्षरे आणि सात अंक असतात, त्यांतला शेवटचा अंक हा पडताळणीचा असतो. टंकताना एक अंक चुकला तरी तो अंक सहसा जुळत नाही आणि चूक उघड होते. सीलचा क्रमांकही याच वेळी पाहावा.

भाग 'ए' किंवा भाग 'बी' मधील माल असेल तर नमुना ५ मध्ये मंत्रालयाकडे अर्ज करायचा आणि त्याची प्रत राज्य मंडळाला द्यायची. मंडळाचे म्हणणे विचारात घेऊन मंत्रालयाने ६० दिवसांत निर्णय द्यावा अशी मुदत आहे. भाग 'ए' साठी निर्यात करणाऱ्या देशाची संमती येईपर्यंत कंटेनर हलवू नये. प्रयोगशाळेतील चाचणीसाठी किंवा संशोधनासाठी १,००० ग्रॅम अथवा १,००० मिलिलिटरपर्यंतचा नमुना परवानगीशिवाय मागवता येतो आणि नव्या पुरवठादाराकडून प्रथम असा नमुना मागवून तो तपासणे हा पैसे वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

निर्यात करणाऱ्यांसाठी

विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभर सोने-चांदी गाळतात आणि त्यांच्यापैकी काही जण आता इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातील मौल्यवान धातूंकडे वळत आहेत. सर्किट बोर्ड उघड्यावर जाळून राख करणे हे आरोग्यासाठी भयंकर आहे आणि बेकायदाही आहे; ई-कचरा नियम, २०२२ प्रमाणे पुनर्चक्रण करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीकृत कारखान्याला बोर्ड किंवा त्यांचा अंश परदेशातील शुद्धीकरण प्रकल्पाकडे पाठवायचा असेल, तर बाझेल करारातील नव्या तरतुदींनुसार १ जानेवारी २०२५ पासून घातक असो वा नसो, सर्व ई-कचऱ्याला पूर्वसूचित संमती लागते, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे.

अनुसूची ३ च्या भाग 'ए' व 'बी' मधील आणि अनुसूची ६ मधील पदार्थांच्या निर्यातीसाठी नमुना ५ मध्ये मंत्रालयाकडे अर्ज करावा लागतो, त्यासोबत विमा संरक्षण जोडावे लागते आणि भाग 'ए' व अनुसूची ६ मधील मालासाठी घेणाऱ्या देशाची लेखी संमतीही लागते. परदेशी प्रकल्पाशी केलेल्या करारात माल पर्यावरणास सुरक्षित पद्धतीने हाताळला जाईल हे स्पष्ट लिहिलेले असावे. जहाज वाटेत जिथे थांबणार आहे त्या देशांचीही संमती लागते, ही गोष्ट मालवाहू कंपनी आपणहून सांगत नाही. मार्ग ठरवताना ती विचारावी लागते.

चूक झाल्यास काय

बेकायदा ठरलेली आयात आयातदाराने स्वतःच्या खर्चाने, माल भारतात आल्यापासून ९० दिवसांच्या आत परत पाठवायची असते. न्हावाशेवा बंदरात वंगणतेलाच्या नावाखाली आलेले टाकाऊ तेलाचे १३३ कंटेनर आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये दिला होता. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमातील शिक्षेच्या तरतुदी १ एप्रिल २०२४ पासून बदलल्या असून आता १०,००० रुपयांपासून १५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परत पाठवण्याचे भाडे आणि बंदरातील आकार या दंडात धरलेले नाहीत.

माल कारखान्यात आल्यानंतर

आलेल्या मालाची नोंद नमुना ३ मधील वहीत त्याच दिवशी करावी : कंटेनर क्रमांक, वजनकाट्याची पावती, कोणत्या भट्टीत किती गेले, किती मळी निघाली. ती मळी, वापरलेले तेल आणि गाळण-पिशव्यांतील धूळ हा आता आपल्या कारखान्याचा घातक कचरा आहे. तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये आणि रांजणगावसारख्या सामाईक विल्हेवाट केंद्राकडे अथवा प्राधिकृत वापरकर्त्याकडे पाठवताना नमुना १० मधील सात प्रतींचे वाहतूक पत्रक भरावे. पांढरी प्रत पाठवणाऱ्याने मंडळाला द्यायची असते आणि पिवळी वाहतूकदाराच्या सहीसह स्वतःजवळ ठेवायची असते. वार्षिक विवरणपत्र नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत मंडळाकडे दाखल करून त्याची पोच त्याच दिवशी आयातीच्या फायलीत लावावी, कारण पुढच्या वर्षीच्या पहिल्या कंटेनरसाठी सीमाशुल्क अधिकारी तीच मागणार असतो.