लांब मारायचे क्लब: ड्रायव्हर, वुड की हायब्रिड, आपल्याला काय झेपतं ते कसं ओळखायचं

आधी माझा गाढवपणा सांगतो. गोल्फ सुरू करून जेमतेम चार महिने झाले होते, आणि ओळखीच्या एकांनी त्यांचा जुना ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी (क्लब), स्वस्तात देऊ केला. ९ डिग्री लॉफ्ट (बॉलला लागणाऱ्या बाजूचा, म्हणजे फेसचा, कल), एक्स्ट्रा स्टिफ म्हणजे फार ताठ शाफ्ट (दांडा), दिसायला एकदम कडक. घेतला. पुढचं वर्षभर माझा बॉल उजवीकडे वळून शेजारच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) नाहीतर थेट झाडीत, आणि मी लोकांना सावध करायला 'फोर, फोर' ओरडून घसा बसवून घेतलेला. शेवटी बॅग उचलणारा कॅडीच वैतागून म्हणाला, "सर, तो राहू द्या आता बॅगेत, पाच नंबरची वुड मारा." मारली. सरळ गेली, आणि लाज वाटावी इतकी ड्रायव्हरच्या पुढे गेली.

तेव्हापासून क्लब बघताना मी माझा आयुष्यातला सगळ्यात भारी शॉट आठवत नाही, दहातले जे सात बिघडतात ते आठवतो. हे सात जरा कमी बिघडवणारा क्लब घ्यायचा, बस.

बॅगेत नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब, त्यातले लांबचे चार किंवा पाच. सगळ्यात मोठा ड्रायव्हर, त्याच्या हेडला ४६० सीसीची मर्यादा आहे आणि आजकालचे बहुतेक तिथपर्यंत जातातच. मग फेअरवे वुड, म्हणजे ड्रायव्हरसारखाच पण लहान हेडचा क्लब, ३ नंबर साधारण १५ डिग्री, ५ नंबर १८, ७ नंबर २१. आणि हायब्रिड, म्हणजे वुड आणि आयर्नच्या (पातळ पात्याच्या क्लबच्या) मधलं काहीतरी. (धातूच्या क्लबला वुड का म्हणतात असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. आधी ही हेडं खरंच लाकडाची असायची, पर्सिमन नावाच्या अमेरिकन झाडाची, आणि ते झाड म्हणजे आपल्या टेंभुर्णीचं चुलत भावंड, जिच्या पानांच्या विड्या वळतात ती. लाकूड गेलं, नाव राहिलं.)

आता पहिलं काम, स्वतःचा स्विंग स्पीड, म्हणजे मारताना क्लबचं हेड किती वेगाने फिरतं ते, माहीत करून घ्या. सरावाच्या रेंजवर किंवा सिम्युलेटरवर लाँच मॉनिटर (हा वेग मोजणारं मशीन) असेल तर दहा बॉल मारा, सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी धरा. मशीन नसेल तर अंदाज असा की ड्रायव्हर नीट बसल्यावर बॉल हवेतून, म्हणजे टप्पा पडायच्या आधी, २०० यार्डच्या आसपास जात असेल तर तुम्ही ताशी ९० मैलांच्या आसपास आहात. शाफ्टचा ढोबळ हिशोब असा: ८५ च्या खाली सिनियर, ८५ ते ९५ रेग्युलर, ९५ ते १०५ स्टिफ, त्याच्या वर एक्स्ट्रा स्टिफ. पण ही अक्षरं सगळ्या कंपन्यांची सारखी नसतात हे कुणी सांगत नाही, एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका ताठ निघू शकतो, त्यामुळे मारून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि 'सिनियर' या शब्दाला लाजू नका हो, शाफ्टला तुमचं वय कळत नाही.

लॉफ्टवर मात्र मी जरा हट्टीच आहे. नवीन असाल, स्पीड ९० च्या आत असेल, तर १०.५ च्या खाली जाऊच नका, १२ मिळाला तर आनंदाने घ्या. लोकांना वाटतं लॉफ्ट कमी म्हणजे बॉल लांब. स्पीड कमी असताना कमी लॉफ्टने बॉल वरच चढत नाही, लगेच खाली बसतो. शिवाय लॉफ्ट जास्त असला की फेस थोडा तिरका लागला तरी बॉल कमी वळतो, म्हणून तर ५ वुडने सरळ मारणारा माणूस ड्रायव्हरने स्लाइस करतो, म्हणजे बॉल उजवीकडे वळवतो. ड्रायव्हरच्या मानेत (दांडा हेडला जोडतो तिथे) पाना लावून फिरवायची सोय असेल तर एक लक्षात ठेवा, लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो (डावीकडे वळतो) आणि कमी केला की उघडतो (उजवीकडे वळतो). म्हणजे स्लाइसवाल्याने बॉल लांब जावा म्हणून लॉफ्ट उतरवला तर आगीत तेल. मी नेमकं हेच केलं होतं, दुसऱ्या ड्रायव्हरवर.

लांबी. दुकानात मिळणारे ड्रायव्हर बहुतेक ४५.५ इंचांच्या आसपास असतात, आणि टूरवरचे, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांतले, बरेच प्रो त्याहून आखूड वापरतात, यातच काय ते समजा. ग्रिपवर इंचभर खाली धरून दहा बॉल मारून बघा. फेसच्या मध्यावर जास्त लागायला लागले तर तुम्हाला आखूड क्लब हवाय.

मध्यावर लागतोय की नाही हे कसं बघायचं? व्हाइटबोर्डचं मार्कर घ्या, बॉलवर जाडसा ठिपका काढा, ठिपका फेसकडे करून टीवर (बॉल टेकवायच्या छोट्या खुंटीवर) ठेवा आणि मारा. फेसवर निळा डाग उमटतो. डाग मानेकडे असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडे वळतो, टोकाकडे असेल तर डावीकडे, आणि फेसच्या खालच्या कडेला असेल तर उगाच स्पिन वाढून अंतर मरतं. बोटाने पुसा, परत मारा. माझे दहापैकी सहा डाग मानेकडे निघाले, आणि मी वर्षभर ग्रिप बदलत बसलो होतो! अशा माणसाने मोठं, माफ करणारं हेड घ्यावं, आणि शक्यतो ज्यात वजन मानेच्या बाजूला दिलंय असं.

३ वुडबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. सेट घेतला की ती हमखास येते, आणि जमिनीवरून मारायला तिच्याइतका त्रासदायक क्लब नाही. टीवरून ठीक, पण पातळ गवतावरून १५ डिग्री उचलणं हे नवशिक्याचं काम नव्हे. तिच्याऐवजी ५ घ्या, जमलं तर ७ सुद्धा. ७ वुड म्हणजे म्हाताऱ्यांचा क्लब असं म्हणायचे, आता चांगले चांगले प्रो बॅगेत ठेवतात.

हायब्रिड कुणासाठी, तर ज्याचा ४ आयर्न दहात दोनदा बसतो त्याच्यासाठी, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांसाठी. उंच गवतात वुडचं मोठं हेड अडकतं, हायब्रिड त्यातून कापत जातो. आपल्याकडे याला पावसाचंही कारण आहे. मे महिन्यात पुण्यात फेअरवे असा टणक होतो की टॉप झालेला (वरच्या अंगाला लागलेला) बॉलही पळत सुटतो आणि माणसाला वाटतं आपण लई लांब मारतो. जुलैत तोच बॉल जिथे पडला तिथेच चिखलात रुततो. तेव्हा हवेतून किती जातो तेवढंच आपलं, आणि उंच उडवायला ५ आयर्नपेक्षा त्याच्या जागचा हायब्रिड बरा. घेताना एवढं बघा की दोन क्लबमध्ये १० ते १५ यार्डांचा फरक पडतोय, नाहीतर ७ वुड आणि ३ हायब्रिड दोन्ही तेवढंच जातात आणि पैसे वाया.

सेकंडहँड घेत असाल तर ड्रायव्हर उन्हात धरून वरचा भाग तिरका करून बघा, केसाएवढी चीर असली तरी सोडून द्या. मग कानाजवळ नेऊन हलवा. खुळखुळ वाजलं तर बहुतेक वेळा आतला गोंदाचा तुकडा सुटलेला असतो, तो दुरुस्त होतो, आणि त्या आवाजावर किंमत बरीच खाली आणता येते.