घरच्या घरी चांदीची जोडवी: तार वळवण्यापासून रवा बसवण्यापर्यंत

कोल्हापुरात दागिने शिकायचे म्हटलं की पहिला विचार साजाचा येतो. तो सोडा. साजाची पानं ठशावर उठवतात आणि आत लाख भरतात. ते घरातल्या टेबलावर जमणारं काम नाही. सुरुवात जोडव्यांनी करावी. चांदी कमी लागते, कड्याला झाळ, म्हणजे धातू वितळवून दिलेला जोड, एकच असते आणि चुका लगेच दिसतात. इथे दिलेली मापं २ मिमी तारेच्या जोडव्यांची आहेत, वर तीन रवे, म्हणजे चांदीच्या बारीक गोळ्या.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, तार घेताना टंच (चांदीची शुद्धता, टक्क्यांत) विचारून घ्या. ९२.५ टंचाची २ मिमी गोल तार १५ सेंमी पुरते. तिचं वजन ५ ग्रॅमच्या जरा आतच भरतं. शुद्ध चांदी पायात टिकत नाही, मऊ असल्याने महिन्याभरात लंबगोल होते. रव्यांसाठी मात्र शुद्धच घ्यावी, १ मिमी तार, ५ सेंमी. तिच्यात तांबं नसतं, त्यामुळे रवा वितळल्यावर गुळगुळीत आणि पांढरा राहतो. डाख, म्हणजे झाळायला वितळवायचा जोडधातू, दोन प्रकारचा लागेल, कडक आणि नरम. दोन्ही कॅडमियम नसलेलेच मागा. कॅडमियमचा धूर फुप्फुसाला घातक आहे आणि घरात तो जायला जागा नसते.

वळवण्यासाठी निमुळता लोखंडी दांडा हवा. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून १२ मिमीपासून २० मिमीपर्यंत निमुळता करून घेतला की काम होतं. बांधकामाची सळई वापरू नका, तिच्या कंगोऱ्यांचे ठसे चांदीवर उमटतात. बाकी लाकडी हातोडी, सोनारी करवत, बारीक कानस, तापायला भट्टीची वीट, ब्युटेनची हातातली टॉर्च. गॅसच्या शेगडीची ज्योत पसरते, झाळेला नेमकी जागा तापत नाही.

माप संध्याकाळी घ्या, पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा. कागदाची पट्टी अंगठ्याशेजारच्या बोटाच्या सांध्यावर, म्हणजे सगळ्यात जाड भागावर गुंडाळा. पट्टी ५० मिमी भरली, तर त्यात तारेच्या जाडीच्या ३.१४ पट मिळवा: ५० अधिक ६.३, म्हणजे ५६.३ मिमी. तार ६० मिमीची कापा, टोकं एकमेकांवर चढवून कापायला जास्तीची लागते. हा जाडीचा हिशेब विसरला की जोडवं बोटात जात नाही, आणि मग तार लहान पडल्याचा दोष उगाच सोनाराला जातो.

आता ताव, म्हणजे तार तापवून मऊ करणं. टॉर्च फिरती ठेवून तार अंधुक उजेडात फिकट लाल होईपर्यंत तापवा, लाली गेली की पाण्यात बुडवा. गच्चीवर हे काम करू नका. उन्हात रंग दिसत नाही आणि वारा उष्णता पळवतो. खिडकी उघडी असलेला खोलीचा काळोखा कोपरा बरा. सुती कपडे, बांधलेले केस, डोळ्यांना चष्मा, शेजारी पाण्याची बादली.

मऊ तार दांड्यावर लाकडी हातोडीने वळवा, टोकं एकमेकांवर चढू द्या. मग करवतीने दोन्ही टोकं एकाच फटक्यात कापा. अशाने दोन्ही तोंडं समांतर येतात. टोकं एकमेकांच्या पुढे ढकलून मागे आणा, म्हणजे ती आपोआप दाबून बसतात. जोडवं उजेडाकडे धरा. फटीतून प्रकाश दिसला, तर झाळू नका, परत कापा. डाख फट भरत नाही, तो फक्त चिकटलेल्या तोंडांमधून धावतो. घरच्या कामातली निम्मी झाळ इथेच फसते.

टाकणखाराचा (बोरॅक्सचा) खडा सहाणेवर पाण्यात उगाळून दुधासारखा करा (देवघरातली सहाण नको, वेगळी ठेवा). सांध्याला लावून कोरडा होऊ द्या. थेट ज्योत दिलीत, तर टाकणखार फुगतो आणि डाखाचा तुकडा उडवून देतो. आधी मंद आचेवर पांढरा फुगवटा बसू द्या, मग तो काचेसारखा होतो. कडक डाखाचा १ मिमी चौरस तुकडा सांध्यावर ठेवा. आता ज्योत सांध्यावर मारू नका. आधी सांध्यासमोरची बाजू, मग पूर्ण कडं, शेवटी सांधा. डाख उष्णतेकडे पळतो. एकाच टोकावर चढला, तर ते टोक जास्त तापलंय. गोळी होऊन बसला आणि पसरलाच नाही, तर सांधा मळलेला आहे किंवा टाकणखार जळून गेलाय. थांबा, धुवा, नव्याने लावा. नुसती आच वाढवली तर जोडवं वितळेल.

काळपट झालेलं जोडवं सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्यात टाका, १०० मिली पाण्याला १० ग्रॅम. १५-२० मिनिटांत पांढरं होतं. बाहेर काढायला लोखंडी चिमटा कधीच नको. लोखंड आत गेलं की पाण्यातलं तांबं चांदीवर चढतं आणि दागिना गुलाबी दिसतो. लाकडी किंवा तांब्याचा चिमटा वापरा, नंतर सोड्याच्या पाण्यात खळखळवा.

रवे करण्यासाठी शुद्ध तारेचे ५ मिमीचे सहा तुकडे कापा. कोळशाच्या तुकड्यावर छोटा खळगा करून त्यात एकेक वितळवा. तुकडा आधी लाल होतो, मग कडा आकसतात आणि क्षणात आरशासारखी गोळी फिरते. तेव्हाच ज्योत काढा. ५ मिमी तारेचा साधारण २ मिमीचा रवा होतो. दुप्पट तार घेतली तर रवा दुप्पट होत नाही, २.५ मिमीच होतो.

जोडव्याचा सांधा खाली ठेवा. बरोबर त्याच्यासमोर कानशीने तीन उथळ खाचा करा. रवा सपाट तारेवर एका बिंदूवरच टेकतो आणि ठेच लागली की निसटतो. खाचेत तो बसतो. इथे नरम डाख, कारण तो कडक डाखाच्या आधी वितळतो आणि खालचा सांधा उघडत नाही. रवे बाजूला बसवू नका. कोल्हापुरी चप्पल घातली की तिचा अंगठा जोडव्याच्या त्या कडेलाच घासतो.

झाळून झालेली चांदी मऊ असते. दांड्यावर चढवून लाकडी हातोडीने सगळीकडून हलके ठोके दिले की कडक होते. मग २२० पासून ४००, ६००, १००० नंबरचा पॉलिश कागद, प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलून, म्हणजे मागचे ओरखडे राहिलेत का ते कळतं. शेवटी रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रश. रव्यांच्या खाचांत काळपटपणा हवा असेल, तर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून जोडव्यासोबत घट्ट डब्यात काही तास ठेवा. गंधकाने चांदी काळवंडते. वरून पुसली की रवे चमकतात आणि कडेची रेघ काळी राहते.

जोडवी जमली की घरातली जुनी लाख भरलेली साखळी झाळायचा मोह होतो. तसल्या दागिन्याला टॉर्च लावू नका: आतली लाख पेटते, कोंडलेली वाफ पत्रा फाडते. ते गुजरीतल्या कारागिराकडेच द्यावं.

कानशीचा चुरा कागदावर गोळा करा, लोहचुंबक फिरवून लोखंड काढा आणि बाटलीत साठवा. झारेकरी, म्हणजे धुळीतून सोनं-चांदी वेचणारे, सोनाराच्या दुकानाबाहेरची धूळसुद्धा सोडत नाहीत, तुमची तर नुसती चांदीच आहे.