एकदांडीच्या नावांचा अर्थ कसा लावायचा

रस्त्याच्या कडेला, बांधावर, बिल्डिंगच्या कंपाउंडच्या भेगेत, जवळजवळ वर्षभर दिसणारं ते बारकं फूल, मध्ये पिवळं आणि कडेला मोजक्याच फिकट पाकळ्या, ती एकदांडी. हिला नावं ढीगभर आहेत, आणि बऱ्याच नावांचा अर्थ झाडाकडे बघूनच लागतो, फक्त उकिडवं बसायची तयारी पाहिजे.

आधी दांडा बघा. लांबलचक, केसाळ, त्याला पान नाही फांदी नाही आणि टोकाला एकच फूल, झालं, एकदांडी. मग बुडाशी जा. खोड जमिनीवर लोळत पसरतं, पेरापेरातून मुळं सोडतं. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स, लिनियस ह्या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये दिलेलं, त्यातलं प्रोकंबेन्स म्हणजे हेच, आडवं पडलेलं. कंबरमोडी हे नाव पण ह्या लोळण्यावरूनच पडलं असावं असं मला वाटतं, पण पैज नाही लावणार. आता एक पाकळी तोडा (खरं तर ती एक आख्खं फूलच असते, सूर्यफुलाचं खानदान ना, आपण ज्याला एक फूल म्हणतो तो बारक्या फुलांचा गुच्छ असतो) आणि टोक उजेडात धरा, तीन दाते दिसतात. काहीजण ट्रायडॅक्सचा संबंध ह्या तीनशी लावतात, काहीजण लेट्यूसच्या जुन्या ग्रीक नावाशी.

दगडी पाला सोपंय, दगडधोंड्यात आणि भिंतीतही उगवतो म्हणून. जखमजुडी मात्र बघून कळत नाही, ते वापरावरून आलंय, खरचटलं की पाला चुरगाळून रस लावायचा. नाव आहे म्हणून औषध आहेच असं समजू नका हां, जखम खोल असेल तर स्वच्छ धुवा आणि सरळ दवाखाना गाठा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं पण विचारा.

गोंधळ कुठे होतो, तर काही ठिकाणी हिला टणटणी पण म्हणतात आणि टणटणी म्हणजे बाकी बऱ्याच जणांसाठी घाणेरी, म्हणजे लँटाना. म्हणून गावातलं नाव लिहून घेताना शेजारी तालुका आणि शास्त्रीय नाव लिहाच, फोटो असेल तर उत्तम. आणि कोणी हिलाच भृंगराज म्हणून तेलात घालायला सांगितलं तर थांबा, भृंगराज म्हणजे माका, त्याची फुलं पांढरी आणि झाड वेगळं, एकदांडी तर मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची, जुन्या संस्कृत पोथीत ती येणार कुठून?